आधी 'सामना' बघ

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मसुदा मिळाला. निळू फुल्यांच्या स्मृतिदिनाला, 13 जुलैला, कॉलेजात तुला दहा मिनिटं बोलायचंय आणि त्यासाठी तू दोन पानं लिहिलीस. रात्री वाचली तेव्हा चिडलो होतो. सकाळी पुन्हा वाचली तेव्हा मसुद्याखाली तू मला उद्देशून लिहिलेल्या चार ओळींकडे नीट लक्ष गेलं. "2009 साली ते गेले तेव्हा मी बालवाडीत होते. सगळ्यांचे डोळे भरून येतात, माझे येत नाहीत. मग मी बोलणं खोटंच नाही का, सर?" त्या दोन पानांपेक्षा या चार ओळी कितीतरी सरस आहेत. राग गेला आणि लिहायला बसलो.

डोळे भरून येण्याचं सोडून दे. ते काही हजेरीपत्रक नाही. मला एवढंच सांग, त्यांचा एक तरी चित्रपट तू पाटीपासून शेवटापर्यंत पाहिलायस का? पाहिला नसशील याची खात्री आहे. तुझ्या दोन पानांत चित्रपटांची नावं अकरा आहेत आणि दृश्य एकही नाही.

जे पाहिलंय तेवढंच बोल. मला दुसरं काही सांगायचं नाही, पण हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

आता तुझं पहिलंच वाक्य घे. "'बाई, वाड्यावर या' म्हणणारा हा आवाज आज आपल्यात नाही." कुठल्या चित्रपटात म्हटलंय? दृश्य कुठलं, समोर बाई कोण? नकला करणाऱ्यांनी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की ते निळूभाऊंच्या नावावर चढलं. मी ज्याला ज्याला चित्रपटाचं नाव विचारलं, तो हसला आणि विषय बदलला. मी स्वतः ते कुठे ऐकलेलं नाही, म्हणून आजवर कधी छापू दिलं नाही. तूही नको बोलूस. टाळी पडेल हे मला माहीत आहे. पडू दे दुसऱ्या कुणाला.

दुसरं वाक्य त्याहून वाईट: "पडद्यावर खलनायक, पण प्रत्यक्षात देवमाणूस." हे मी इतक्या मृत्युलेखांत वाचलंय की आता नाव बदललं तरी कळत नाही कुणाबद्दल आहे. त्यातला 'पण' तेवढा काढ. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला हा माणूस. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडला, 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं गावोगाव पोचला आणि 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेलेअण्णानं पडद्यावर आला. पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या हातात चार पैसे पडावेत म्हणून, डॉ. श्रीराम लागूंबरोबर 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग केले. अशा माणसानं सरपंच, पाटील, साखर कारखान्याचा चेअरमन इतके बिनचूक कसे उभे केले? ज्यांच्याविरुद्ध उभं राहायचं त्यांना तो जवळून ओळखत होता म्हणून. त्यांचा चेअरमन हे त्यांचं राजकारणच होतं. तू मात्र एक 'पण' घालून सगळं धुऊन टाकलंस. देवमाणूस तू पाहिलेला नाहीस, मीही नाही. 'सामना'तला त्यांचा चेअरमन, हिंदुराव धोंडे पाटील, आज रात्रीसुद्धा बघता येतो.

म्हणून आधी 'सामना' बघ. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता, ही माहिती तुझ्याकडे आहेच; ती बाजूला ठेव आणि माणसाकडे बघ. रस्त्यावरच्या दारुड्या मास्तरला, म्हणजे लागूंना, हिंदुराव घरी आणून ठेवतो, पाजतो. का पाजतो? दया आली म्हणून, करमणूक म्हणून, की आपण केवढे मोठे झालो हे पाहायला घरात एक शिकलेला माणूस हवा म्हणून? निळूभाऊ या तिन्हीतलं एकही उत्तर देत नाहीत आणि तिन्ही शक्य ठेवतात. आवाज बघ. ज्याचा शब्द तालुक्यात खाली पडत नाही त्याला ओरडायची गरज नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मग मास्तर एका बेपत्ता मारुती कांबळेबद्दल विचारायला लागतो. प्रश्न तोच तोच येत राहतो. दर वेळी लागूंकडे बघायचा मोह होईल, कारण बोलतात ते. तू हिंदुरावाकडे बघ. पाहुणचार चालूच असतो, फक्त यजमानाचं लक्ष उडत जातं.

दुसऱ्या दिवशी 'सिंहासन' बघ. 1979. दिग्दर्शक तोच, निळूभाऊ मात्र इथे पत्रकार, दिगू टिपणीस. तिथे मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री लागू. जो तो बोलतोय, डाव टाकतोय. दिगूच्या हातात सत्ता नाही. तो ऐकतो. अख्ख्या चित्रपटात ऐकण्याचं काम करणारा नट मी मराठीत दुसरा पाहिला नाही. (असेलही. मी पाहिलेला नाही, म्हणून 'पाहिला नाही' म्हणतोय. 'झालाच नाही' म्हटलेलं नाही. हा फरक शीक.) शेवटी सगळ्या उलाढालीतून काय निघतं ते त्याला कळतं आणि तो वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू नुसतं त्या प्रसंगाचं म्हणून बघशील तर अतिरेकी वाटेल. आधीचे दोन तास तो गप्प ऐकत होता हे लक्षात ठेवून बघितलंस तर अंगावर येतं. म्हणूनच क्लिप नको म्हणतोय.

तू म्हणशील, सर हट्टी आहेत. आहेच. हा हट्ट मला स्वस्तात पडलेला नाही. निळूभाऊ गेले त्या दिवशी मी एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. पानावर चौकट हवी होती, 'निळूभाऊंचे गाजलेले संवाद', दहा. सहा-सात सापडले. उरलेले कुठले, ते कुणालाच सांगता येईना. मी म्हटलं, चौकट सातची करा. वरून आलं, दहाच दिसतात बरे. मी लावली नाही. ती दुसऱ्यानं लावली, आणि थोड्याच दिवसांत माझ्याकडची पुरवणी जाऊन शब्दकोडं आणि राशिभविष्य आलं. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. माझी बायको अजून म्हणते, तीन संवादांसाठी पुरवणी घालवलीत. घालवली. वाचकांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. तरी मी बरोबर होतो. मेलेल्या माणसाला खुलासा पाठवता येत नाही. जिवंत नटाच्या तोंडी भलतं वाक्य घातलंत तर तो निदान फोन करून शिव्या तरी देईल.

बरं, न पाहिलेलं सोडून द्यायला लागलं की किती सोडावं लागतं, तेही ऐक. 'सखाराम बाइंडर' 1972 चं. कमलाकर सारंगांनी बसवलेलं, निळूभाऊ सखाराम, लालन सारंग चंपा. सेन्सॉरनं कात्री लावली, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि सारंग जिंकले. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या गावात शाळेत. आमच्या घरी त्या नाटकाचं नाव काढायची सोय नव्हती, नेणार कोण? पाहणारे अजून सांगतात तेव्हा माझा जळफळाट होतो. त्या सखारामवर मी एक ओळ लिहिलेली नाही आणि लिहिणार नाही. संपादकांनी मागितली, स्मरणिकावाल्यांनी मागितली. नाही म्हणजे नाही.

एक गोष्ट मात्र कायमची राहून गेली. माझा एक मामा तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. पुसेगावच्या जत्रेत त्यांचा तंबू लागायचा. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं, उलट्या बाजूच्यांना पाट्या उलट्या दिसायच्या, त्यांचं काही अडायचं नाही. मामा म्हणायचा, निळू फुले पडद्यावर आला की बायका बोटं मोडायच्या, मशिनच्या घरघरीतही कळायचं. आणि बाहेर पडताना त्याच विचारायच्या, "उद्याबी ह्याच मेल्याचा हाय का?" असं त्याच्याकडे पोतंभर होतं: कुठल्या गावात कुठल्या रिळाला लोक उठून उभे राहिले, कुठे चपला पडल्या. मी पत्रकार म्हणवत होतो, आणि पुढच्या सुट्टीत निवांत बसून लिहून घेऊ म्हणत राहिलो. मामा गेला. चाहते म्हणजे काय, हे मला त्याच्याइतकं पुढे कुणी सांगितलं नाही.

म्हणून तुझ्या मसुद्यातली एक ओळ मी लाल केलेली नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी तू सहज लिहून गेलीस की टीव्हीवर निळू फुले दिसले की आजी अजून 'मुडदा बशिवला' म्हणते आणि चॅनेल मात्र बदलू देत नाही. हे तू पाहिलंयस! हे पुण्या-मुंबईच्या एकाही वक्त्याकडे नाही आणि तू ते तळाशी टाकलंस, वर तीन ओळी महाराष्ट्राच्या पोकळीवर घालवल्यास.

तेव्हा असं कर. शनिवार-रविवारी दोन्ही चित्रपट. सोमवारी आजीजवळ वही घेऊन बस. भाजी निवडताना विचार, तिचं तोंड तेव्हा मोकळं असतं. पहिल्यांदा कुठे पाहिला, तंबूत की थेटरात, सोबत कोण होतं, आजोबांना सांगून गेली होती की चोरून. चित्रपटाचं नाव आठवलं नाही तर सुचवू नकोस. नायिकेची साडी किंवा एखादं गाणं आठवेल, तेवढं लिही. रेकॉर्डिंग करायचं तर तिला विचारून कर. तिनं शिव्या घातल्या तर त्या जशाच्या तशा उतरव, सभ्य करू नकोस. कॉलेजच्या बाई हरकत घेतील, त्यांच्याशी मी बोलतो.

तुझा,
सर