नाव नंतर, आधी पायाखालची जमीन बघ

तू लिहिलंस, सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाट, खडकाळ पठारावर) पाहिलेल्या फुलाचं नाव सापडलं नाही. म्हणून हिरमुसू नकोस. सड्यावर पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण फुलाचा फोटो काढतो आणि झाड कुठे उभं होतं तेच विसरतो. मीही दोन पावसाळे तेच केलं.

वहीत आधी जागा लिही. साताऱ्याजवळचं कास पठारच बघ: उघडा जांभा, डबकं, खडकावरचा बोटभर मातीचा थर, कडेची झाडी. दहा पावलांत झाडांची चार वेगळी घरं. पातळ, ओल्या, नत्र कमी असलेल्या मातीत सीतेची आसवं आणि दवबिंदू ही झाडं भेटतात. दोघंही किडे खाऊन ती उणीव भरून काढतात. वायतुरा ही पाणवनस्पती मात्र डबक्यात, बेचक्यासारखा दुभंगलेला तुरा वर काढून.

मग विचार, उन्हाळ्यात हे झाड कुठे असतं? डेन्मार्कच्या राउंकियर या वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडाचे पुढे फुटणारे कोंब वाईट दिवस कुठे काढतात यावरून गट पाडले. तेरडा बी होऊन थांबतो, वायतुरा कंद होऊन, कारवी उभ्या खोडावर. नवख्याला ही पद्धत झाडाचं कूळ ओळखायच्या ‘किल्ल्यां’पेक्षा (एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यांपेक्षा) सोपी जाते, असं माझं मत.

शेवटी पसारा, म्हणजे झाड कुठे कुठे सापडतं ते. वायतुरा उत्तर सह्याद्रीतल्या सड्यांबाहेर मिळत नाही. घाणेरी अमेरिकेतून आली आणि गावोगाव पसरली. म्हणून ‘दुर्मिळ’ लिहिताना जपून: एखादं झाड थोड्याच जागी असतं, पण तिथे गालिचा घालतं.

आणि हो, फोटोसाठी गालिच्यात बसू नकोस.