दुर्बिणीच्या जुन्या इक्वेटोरियल माउंटचा जाम झालेला अक्ष कसा सोडवावा? रंग नव्याने द्यावा का?

तुमच्याकडे आलेला माउंट, म्हणजे दुर्बिणीला धरून आकाशाबरोबर फिरवणारा आधार, जर्मन पद्धतीचा आहे, विषुवांशाचा अक्ष (ध्रुवाकडे रोखलेला, ताऱ्यांमागे फिरणारा) अजिबात फिरत नाही, पितळी अंशचकत्या काळवंडल्या आहेत आणि सगळं खरवडून चकचकीत करावं का, असं तुम्ही विचारलं आहे. माझं मत स्पष्ट आहे: रंगाला आत्ता हात लावू नका. माउंट आकाशाच्या गतीने गुळगुळीत फिरला पाहिजे, बाकी सगळं नंतर. जर्मन दुर्बीणकार फ्राउनहोफरने १८२४ मध्ये डोर्पाटच्या (आजचं एस्टोनियातलं टार्टू) दुर्बिणीला ज्या मांडणीवर बसवलं, तीच मांडणी आज तुमच्या टेबलावर आहे. दोन काटकोनी अक्ष, एक ध्रुवाकडे रोखलेला. ती इतकी साधी आहे की खोलायला घाबरण्याचं कारण नाही.

अक्ष जाम होण्यामागे बहुतेक वेळा गंज नसतो, वाळलेलं ग्रीस असतं. वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यातलं तेल निघून जातं आणि उरलेला भाग डिंकासारखा घट्ट धरतो. म्हणून दुर्बिणीची नळी पकडून जोर लावू नका. क्लच (अक्षाला चाकाशी जखडणारी पकड) आवळलेला असेल तर तो सगळा जोर वर्म व्हीलच्या, म्हणजे अक्षावरच्या दातेरी चाकाच्या, एक-दोन दातांवर येतो, आणि तुटलेला दात पुन्हा मिळत नाही.

आधी अडलंय काय ते शोधा. क्लच पूर्ण सैल करा, मग वर्म (त्या चाकाच्या दातांत बसणारा, आटे असलेला दंड) धरून ठेवणारे स्क्रू सोडून वर्म व्हीलपासून बाजूला घ्या. आता अक्ष हाताने फिरला तर दोष वर्ममध्ये किंवा तो ज्यात फिरतो त्या बुशमध्ये आहे. तरीही फिरत नसेल तर मुख्य शाफ्टच धरला आहे. एवढ्या तपासणीने अर्धं काम वाचतं, कारण पुष्कळदा मुख्य अक्ष ठणठणीत निघतो.

शाफ्ट धरलाच असेल तर उष्णता वापरा. बाहेरचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि शाफ्ट पोलादी असेल तर काम सोपं, कारण तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हेअर ड्रायरने बाहेरून सावकाश गरम करा, हात लावला तर चटका बसेल इतपत, आणि मग शाफ्ट हलवून बघा. ज्योत वापरू नका. रॉकेल किंवा दुसरा कुठला द्रावक लावलेला असेल तेव्हा तर गरम करूच नका. एक काहीतरी करायचं, दुसरं पूर्ण वाळल्यावर.

खोलताना दोन गोष्टी हमखास चकवतात. छोट्या अ‍ॅलन स्क्रूच्या खाली त्याच भोकात कधी कधी दुसरा स्क्रू असतो, वरचा त्याला लॉक करण्यासाठी असतो. वरचा काढूनही भाग सुटत नसेल तर टॉर्च मारून आत बघा. त्याच्याही खाली पितळेचा बारीक तुकडा असू शकतो. शाफ्टवर स्क्रूचा ओरखडा पडू नये म्हणून तो घातलेला असतो. तो कचरा समजून टाकू नका. दुसरी गोष्ट म्हणजे निमुळत्या पिना. त्या बारीक टोकाकडूनच ठोकून काढायच्या, उलट ठोकलं तर आणखी घट्ट बसतात. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, वॉशरचा क्रम तर नक्कीच.

हरवलेल्या स्क्रूच्या जागी हाताला लागेल तो बसवू नका. पाव इंची अमेरिकन स्क्रू आणि पाव इंची व्हिटवर्थ, दोन्हींना इंचाला २० आटे असतात, पण आट्यांचा कोन एकाचा ६० अंश, दुसऱ्याचा ५५. तो बसल्यासारखा वाटतो आणि आतले आटे खराब करतो.

सफाईला रॉकेल, जुना टूथब्रश आणि दातांच्या खाचांसाठी टोकदार लाकडी काडी पुरते. तारेचा ब्रश कांस्याच्या चाकाला लावू नका. नंतर लिथियम ग्रीस, पातळ थर, बस्स. गिअरबॉक्ससाठी विकली जाणारी जास्त दाबाची काही ग्रीसं टाळा, त्यांतल्या गंधकाचा तांब्याच्या मिश्रधातूंवर परिणाम होतो.

खरा वेळ वर्म पुन्हा बसवण्यात द्या. व्हील सहसा अगदी मध्यावर नसतं, म्हणून ते पूर्ण फेरी फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधा आणि वर्म तिथे जुळवा, नाहीतर नेमकं तिथेच अडेल. नंतर वर्म लांबीच्या दिशेने मागेपुढे सरकतो का बघा. हा प्ले (मोकळीक) दातांमधल्या प्लेपेक्षा वेगळा आहे आणि तो वर्मच्या टोकाच्या नटानेच काढावा लागतो. हे दोन प्ले एकत्र समजून लोक वर्म नको तितका आवळत राहतात.

चकत्यांवर पॉलिश लावू नका. जुन्या पितळेवर लॅकरचा थर असतो आणि कोरलेल्या रेघांमध्ये काळा रंग भरलेला असतो, पॉलिशने दोन्ही जातात. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे. रंग खरवडायचाच ठरवलं तर त्यात शिसं असू शकतं हे लक्षात ठेवा, कोरडं घासू नका.

मोटर असेल तर तिच्या पट्टीवरचे आकडे वाचा. ६० हर्ट्झची सिंक्रोनस मोटर (विजेच्या वारंवारतेनुसार फिरणारी) ५० हर्ट्झवर पाच षष्ठांश वेगाने फिरते. मग माउंट ताऱ्याच्या दर सेकंदाला अडीच विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) मागे पडतो, म्हणजे मिनिटाभरात गुरूच्या बिंबाच्या जवळपास तिप्पट. माउंट बिघडलाय असं वाटतं, पण दोष विजेच्या वारंवारतेचा असतो. व्होल्टेज जुळत नसेल किंवा वायरींचं आवरण ठिसूळ झालं असेल तर वीज जोडूच नका.

शेवटची तपासणी आकाशात. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा क्रॉसहेअरवर (नेत्रिकेतल्या एकमेकांना छेदणाऱ्या रेघांवर) ठेवा आणि वर्मची एक पूर्ण फेरी होईपर्यंत बघत राहा. चाकाला १४४ दात असतील तर ती फेरी सुमारे ५९८ सेकंदांची, म्हणजे दहा मिनिटांना जरा कमी. तारा त्या काळात पुढेमागे झुलला तर ती वर्मची आवर्ती त्रुटी. एकाच दिशेला सरकत राहिला तर ध्रुवाची दिशा किंवा मोटरचा वेग तपासा. तुमच्या चाकाचे दात मोजून आणि मोटरवरचे आकडे कळवलेत तर वेगाचा हिशेब करून देतो.