मुलं गप्प बसली, म्हणून तास चांगला झाला?

‘शिकवण्यात आता काही उरलं नाही.’ माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या, माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांकडून हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. डिसेंबर ते मार्च या काळात जास्तच. दहावीची पूर्वपरीक्षा, तिचे गठ्ठे, यू-डायसच्या सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, रजेवर गेलेल्यांचे बदली तास, आणि निवडणूक असेल तर तिचंही काम. शिक्षण हक्क कायद्याचं (२००९) कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये असं सांगतं. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका मात्र त्यातून वगळलेल्या आहेत. शिक्षकांची तक्रार खोटी नसते, हे आधीच सांगून टाकते. ‘सकारात्मक राहा’ असा सल्ला मी त्यांना कधीही देत नाही.

त्यांच्यातल्या एका बाईंबद्दल लिहिते आहे. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निमशहरी गावातली अनुदानित शाळा, नववी-दहावीचं गणित, वीसेक वर्षांची नोकरी. झोप लागत होती, जेवण जात होतं, पण शाळेच्या फाटकातून आत शिरताना पोटात गोळा यायचा. ‘मुलांचा राग येतो हो,’ त्या म्हणाल्या. ‘आधी कधी यायचा नाही. मी वाईट शिक्षिका झालेय का?’

मी विचारलं, ‘शाळेत शेवटचं छान कधी वाटलं?’

‘दहावीचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हा.’

‘त्या दिवशी काय झालं?’

‘पेढे वाटले. संस्थेचे लोक आले, हार घातले. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या निकालाची बोलणी सुरू.’

म्हणजे वर्षभराच्या श्रमाचा मोबदला एका दुपारचा, तोही मुलांच्या मार्कांवर टांगलेला. पुढच्या भेटींत त्या बरंच बोलल्या. पालक भेटायला येतात ते फक्त भांडायला. जुनी मुलं रस्त्यात ओळख देत नाहीत. आठवीपर्यंत ढकलत आणलेल्या मुलांना नववीत अपूर्णांक येत नाहीत, त्यांना बहुपदी कशी शिकवायची? मी ऐकत राहिले. सांत्वन करण्याची घाई केली की माणूस आपल्याच दुःखाची वकिली करायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

मग एके दिवशी मी त्यांना एकच काम दिलं. कालचा एक तास, ‘नववी ब’चा, घंटेपासून घंटेपर्यंत मला सांगा. काय वाटलं ते नको. कोणी काय केलं, तेवढंच.

त्या सांगू लागल्या. हजेरी. फळ्यावर तारीख, प्रकरणाचं नाव. एक उदाहरण मी सोडवलं, मुलांनी उतरवून घेतलं. दुसरं सोडवलं, उतरवून घेतलं. मागच्या बाकावर दोघं बोलत होते, त्यांना उभं केलं. तिसरं सोडवलं. घंटा.

‘मुलं काय बोलली?’

‘मुलं? नाही, गप्प होती. तास चांगला झाला.’

मी काहीच म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच मान वर केली. ‘अख्ख्या तासात एकाही मुलाने काही केलं नाही,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘सगळं मीच केलं.’

‘मग त्या तासात तुम्हाला बरं वाटावं असं काही घडणार तरी कसं?’

त्या रडल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘मी पूर्वी मुलांना फळ्यापाशी बोलवायचे. माझा तास म्हणजे नुसता कल्ला असायचा. कोरोनानंतर अभ्यासक्रमाचा भाग मागे पडला, तेव्हा बंद केलं. म्हटलं, हे झालं की पुन्हा सुरू करू.’

या क्षणाजवळ मला थोडं थांबायचं आहे, कारण मी माझ्या कामात ज्यावर सर्वांत जास्त विश्वास ठेवते ते इथे आहे. थकलेला माणूस वेळ आणि शक्ती वाचवायला सर्वांत आधी काय कापतो? ज्यातून त्याला बळ मिळतं, नेमकं तेच. गायक रियाज सोडत नाही, मित्र सोडतो; गृहिणी स्वयंपाक सोडत नाही, भिशी सोडते. शिक्षक भाग सोडत नाही, मुलांशी बोलणं सोडतो. मग आनंद आटतो, आणि आटला म्हणून माणूस आणखी कापतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात उदासीबद्दल साधारण हेच मांडलं होतं: आपल्या कृतीला जगाकडून चांगला प्रतिसाद येणं कमी झालं की मन खचतं, आणि खचलेलं मन कृती आणखी कमी करतं. तेव्हा मन ताळ्यावर येण्याची वाट पाहू नये. कृती आधी, मन मागाहून. याच वाटेने माणसं सावरताना मी पाहिली आहेत, आणि ही वाट त्यांना दाखवता येते याचं मला समाधान आहे.

बाईंना मी सुचवलं: आठवड्यातला एक तास, त्यातली शेवटची दहा मिनिटं. खडू मुलाच्या हातात, तुम्ही वर्गाच्या मागे उभ्या.

पहिला प्रयत्न फसला. हुशार मुलीने झरझर उदाहरण सोडवलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. दुसऱ्या वेळी गुणोत्तर-प्रमाणाचं उदाहरण होतं, आणि बाईंनी हात वर न करणाऱ्या मुलाला बोलावलं. वडील गवंडी, सुट्टीत हा त्यांच्या हाताखाली. पुस्तकातलं उदाहरण त्याला जमेना. बाईंनी मागून विचारलं, ‘स्लॅबचा माल कसा करता रे?’

‘एकास दोनास चार,’ तो म्हणाला. ‘एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी.’

‘मग छप्पन घमेली भरायची तर सिमेंट किती?’

त्याने फळ्यावर सात लिहिलं, छप्पनला भागलं, आठ काढले. वळून म्हणाला, ‘पण बाई, पाणी घातल्यावर माल बसतो. छप्पन घमेली भरली तरी तेवढी जागा भरत नाही.’

बाईंना हे माहीत नव्हतं. वर्गालाही नव्हतं. का बसतो, यावर घंटा होईपर्यंत वाद चालला. खडीच्या मधल्या पोकळीत वाळू आणि सिमेंट शिरतं हे त्याच मुलाने हातवारे करून समजावलं. मला हे सांगताना बाईंचा आवाज वेगळाच होता. पेढ्यांबद्दल बोलताना तो तसा नव्हता.

अशाच काळातून जाणाऱ्या शिक्षकांना मी आता काय सांगते? सर्व वर्गांत सुधारणा करायला जाऊ नका. एक तुकडी, एक तास, आणि तो तास बदली तासांपासून वाचवण्यासाठी पर्यवेक्षकांशी स्पष्ट बोला. टाचण वहीच्या, म्हणजे पाठाचं नियोजन लिहायच्या वहीच्या, मागच्या पानावर त्या दिवशी एका मुलाने काय केलं ते एका ओळीत लिहा. स्वतःच्या भावना तिथे लिहू नका, त्या थकल्या दिवशी दगा देतात. कृतज्ञतेची वाट पाहू नका. चौदा-पंधरा वर्षांचं मूल आभार मानत नाही, ते त्याचं वयच नाही. पण त्याला कळलं की डोळ्यांत दिसतं, आणि ते पाहायला तुमची पाठ वर्गाकडे असून चालत नाही. शिक्षक खोलीत गाऱ्हाणी जरूर मांडा, पण ‘आज वर्गात काय झालं माहितेय?’ असं ज्याला सांगता येईल असा एक सहकारी शोधा.

याने पोर्टलं बंद होत नाहीत, रिक्त पदं भरत नाहीत. त्यासाठी संघटना आहेत, आणि तिथे भांडायलाच हवं. झोप उडाली असेल, सुट्टीतही मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र हा दहा मिनिटांचा उपाय पुरेसा नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

‘पण मॅडम, भाग कसा पूर्ण होणार?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. बाईंचं अर्थनियोजनाचं प्रकरण त्या वर्षी आठवडाभर उशिरा संपलं. ते त्यांनी मुलांकडूनच शिकवून घेतलं, प्रत्येकाने आपापल्या घरच्या महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडून.