आधी कागद बघ, मग विभाग निवड

अगं, तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटला जर्नलिझम करू, का गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या मुख्य आवारात, लोकप्रशासनात एमए, का सरळ पीआरचा, म्हणजे जनसंपर्काचा, डिप्लोमा करून नोकरीला लागू, आणि घरचे मागे लागलेत एमपीएससी दे म्हणून. तू हुशार आहेस, होईल सगळं नीट, हे मी लिहीत बसत नाही. मला खटकलं ते वेगळंच. एवढ्या लांब मेसेजमध्ये तू एकाही विभागाचा सिलॅबस उघडून बघितल्याचं दिसलं नाही. सगळं "असं म्हणतात"वर चाललंय. कोण म्हणतं? कागद बघितलास का?

हे मी एवढं का लावून धरतो ते सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी एका नगरपालिकेची प्रसिद्धीपत्रकं लिहायचो. पाणी योजनेचं भूमिपूजन होतं, साहेबांनी फोनवर सांगितलं की सहा महिन्यांत वस्तीत घरोघरी नळ, मी तसंच लिहिलं, दुसऱ्या दिवशी पेपरात जसंच्या तसं छापून आलं आणि मला फार भारी वाटलं. वर्षभराने एक बाई ते कात्रण घेऊन ऑफिसात आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेलं, घडीवर फाटलेलं. म्हणाल्या, हे तुम्हीच लिहिलंय ना, मग नळ कुठाय? तेव्हा मी पहिल्यांदा वर्क ऑर्डर काढून वाचली. त्यात टाकी होती, मेन लाइन होती, घरजोडणीचा शब्दसुद्धा नव्हता. ती फाइल माझ्या टेबलापासून तीन खोल्या पलीकडे होती गं. अर्धा तास पुरला असता.

त्यानंतर फाइल बघितल्याशिवाय पत्रक लिहिणार नाही म्हणालो, आणि काही महिन्यांत काम गेलं. लोक म्हणाले, ताठ आहे, जमवून घेत नाही. दीड वर्ष बायकोच्या पगारावर घर चाललं. पण आजही सांगतो, तेव्हा अडून बसलो ते बरोबरच होतं. चूक झाली ती त्या आधीच्या पत्रकात, आणि त्या बाईंना मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून विभाग कुठला हे नंतर. रानडेला बातमी लिहायला शिकशील, लोकप्रशासनात कारभार कसा चालतो ते कळेल, आणि माझ्या मते एकात ॲडमिशन घेऊन दुसऱ्याची पुस्तकं वाचावीत. पण दोन्हीकडे कागद वाचायची सवय तुझी तुलाच लावावी लागेल. साधा जीआर, म्हणजे सरकारचा शासन निर्णय, घे. लोक मधलं वाचून सोडून देतात. वर "वाचा" किंवा "संदर्भ" म्हणून जुन्या जीआरची यादी असते, ते एकेक काढ, आधी काय ठरलं होतं आणि आता गुपचूप काय बदललं ते तिथे सापडतं. मग खाली लेखाशीर्ष बघ, पैसे कुठून खर्ची पडणार ते. मोठी घोषणा आहे आणि पैशाबद्दल चकार शब्द नाही, तिथे तुझी बातमी आहे. पीआरला गेलीस तरी हेच. पीआर वाईट नाही, न बघता लिहिणं वाईट.

2021 ला रानडे गणेशखिंडीत हलवून दुसऱ्या मीडिया विभागात विलीन करायचं घाटत होतं, केवढा गदारोळ झाला, आणि शेवटी ते थांबलं. मीही चिडलो होतो. पण फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारत होतो, ठरावाची प्रत बघितलीय का? पत्रकारितेच्या माणसांनी तरी ऐकीव गोष्टीवर भांडू नये.

माहिती अधिकाराला अर्ज केलास तर 10 रुपये फी आणि उत्तराला 30 दिवस, ते तर शीकच. पण पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी 3 ते 5 अर्जाशिवाय फायली बघायला मिळायच्या, कार्यकर्त्यांनी पाठपुरावा करून मिळवलेली सोय होती ती, पुढे 2018 ला सरकारने परिपत्रक काढून राज्यभर लागू केली. तुझ्या होस्टेलसमोरचा रस्ता वर्षात तीनदा खणला म्हणतेस ना? त्याचीच फाइल मागू, सोमवारची सोय आता चालू नसेल तर तिथेच अर्ज करू. सोमवारी पावणेतीनला महापालिकेच्या गेटवर ये, ओळखपत्र आणि कोरी वही आण, मी येतो. ॲडमिशनचं फाइल बघून झाल्यावर बोलू.