सातारच्या ट्रेनिंग कॉलेजला इंग्रज राजाच्या ज्युबिलीचं नाव का दिलं होतं?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी मास्तर तयार करणाऱ्या आपल्या ट्रेनिंग कॉलेजला इंग्रज राजाच्या ज्युबिलीचं नाव दिलं, ही लाचारी नव्हे का, असं तुम्ही विचारलंय. ‘लाचारी’ हाच शब्द आमचे तात्या, म्हणजे थोरले चुलते, दर दिवाळीला वापरायचे. म्हणून लिहितोय.

१९३५ साली पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली, त्यावरून सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. पुढे त्याला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. सरकारी मान्यतेशिवाय मास्तरच्या दाखल्याला काडीची किंमत नव्हती. मग नावाने अडचण दूर होत असेल तर द्यावं खुशाल, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझे वडील, अण्णा, तिथे शिकले, चाळीसच्या दशकात. माणमधलं दुष्काळी गाव, व्हर्नाक्युलर फायनल (मराठी सातवीची परीक्षा) पास, खिशात दमडी नाही. आजोबांनी रान गहाण टाकलं होतं ते तात्यांच्या पुण्यातल्या शिक्षणासाठी. अण्णा सांगायचे, सकाळी शेतात काम, स्वयंपाक पोरांनीच आळीपाळीने करायचा, मग वर्ग. सराव पाठाचं टाचण चुकलं की रात्री कंदिलाजवळ बसून नव्याने लिहायचं. तिथून निघाले ते थेट पाटणकडच्या एका वाडीवर, कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या व्हॉलंटरी, म्हणजे संस्थेने स्वतः होऊन खेड्यात काढलेल्या, शाळेत. शाळा म्हणजे भैरोबाचं देऊळ. पावसाळ्यात गळायला लागलं की सगळे गाभाऱ्याकडे सरकायचे. चारही इयत्ता एकट्याने शिकवायच्या, आणि संध्याकाळी घरोघर जाऊन गुरं राखणाऱ्या पोरांच्या आईबापांना हातापाया पडून समजवायचं. अशा ५७८ शाळा रयतने चालवल्या. शहरातला मास्तर त्या डोंगरात टिकला नसता. खेड्यातलाच पोरगा तयार करायला हवा होता, आणि तो या कॉलेजने केला.

राहिली लाचारी. स्वातंत्र्यानंतर कर्मवीरांनी आपल्याच सरकारवर उघड टीका केली, १९४८ मध्ये संस्थेचं अनुदान बंद झालं, आणि शेवटी गाडगे महाराजांना तेव्हाच्या मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकावा लागला. लाचार माणूस असलं संकट ओढवून घेत नाही.

आता हेही खरं, की तिथली शिस्त फार कडक होती, जेवण बेताचं, आणि ती कुणालाही झेपली असती असं नाही.

तुमच्या घरात कुणी डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला, जाणार असेल तर पाटीवरचं नाव बघू नका, सराव पाठ खऱ्या वर्गात घेऊ देतात का ते विचारा. आणि तात्यांच्या मुलांनी हे वाचलं तर त्यांनाही सांगतो: तात्यांच्या पदवीपायी गहाण पडलेलं ते रान अण्णांनी मास्तरकीच्या पगारातून सोडवलं.