७०-५० ची फिल्म गाडीला मारून घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: नवी गाडी घेतली, दुपारी आत बसवत नाही, आणि दुकानदार म्हणतो, "७०-५० ची फिल्म कायद्यात बसते, आता तर कोर्टानंही परवानगी दिलीय." मग मारून घ्यावी का?

नका मारू. गाडी महाराष्ट्रात चालवणार असाल तर नकाच. मी २००८ साली अकोल्यात कार डेकोरच्या दुकानात कामाला लागलो आणि सुरुवातीची चार वर्षं दिवसभर काचांना फिल्मच मारत होतो. त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो.

आधी ७०-५० म्हणजे काय ते बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. हा आकडा गाडीवर बसलेल्या काचेचा आहे, नुसत्या फिल्मचा नाही. गिऱ्हाईक फसतं ते इथेच. कंपनीची काच स्वच्छ दिसली तरी तिला हलकी हिरवट झाक असते आणि ती स्वतःच थोडा उजेड अडवते. समजा तुमच्या काचेतून ७५ टक्के उजेड येतो. तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म मारली की त्या ७५ मधले ७० टक्केच आत येणार, म्हणजे साडेबावन्न. मागच्या काचेला ७० हवेत, तुमच्याकडे उरले साडेबावन्न. बाजूला ५० ची मारली तर हिशेब साडेसदतीसवर येतो. म्हणजे खोक्यावर ७०-५० छापलेली फिल्म काचेवर चढली की चारही बाजूंनी नियमाबाहेर जाते. दुकानदार तुम्हाला फिल्मचा आकडा दाखवतो, पोलिसाच्या हातातलं मीटर काच आणि फिल्म दोन्हींचा मिळून आकडा दाखवतं.

आता कोर्टाबद्दल. अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला. काच कारखान्यातून येतानाच ७०-५० मध्ये बसणारी असावी, नंतर तिच्यावर कितीही टक्क्यांची काळी फिल्म किंवा दुसरं काही चिकटवायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. ४ मे २०१२ पासून अंमल सुरू झाला. पोलिसांनी चलान तर करावंच, पण फिल्म जागेवर काढूनही टाकावी, असाही आदेश आहे. सूट ठेवली ती फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्या लोकांसाठी. "आमचे मामा आमदार आहेत" म्हणत काळी फिल्म मागायला येणारे अजून भेटतात, पण आमदारकीला यात कसलीही सूट नाही.

त्या मे महिन्यात आमच्या दुकानासमोर रांग लागायची. चार वर्षं आम्ही मारलेल्याच फिल्म आम्ही काढत होतो.

तुमचा दुकानदार ज्या परवानगीबद्दल बोलतो, तो केरळ उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२४ चा निकाल. तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. नियम १०० मध्ये बदल झाला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यात 'सेफ्टी ग्लास'च्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला. काचेच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काच त्यात मोडते. याच आधारावर केरळच्या न्यायालयाने म्हटलं की ७०-५० ची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मसाठी दंड करू नये. मात्र तिथेही मर्यादा ७०-५० चीच आहे, म्हणजे वरचा गुणाकार सुटत नाही. आणि तो निकाल केरळच्या यंत्रणेवर बंधनकारक आहे. आपल्याकडे रस्त्यावरचा पोलीस २०१२ चाच निकाल धरून चलान करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १५००. दुकानदाराचं बिल बघता ही रक्कम लहान वाटेल, म्हणून पुढचं सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

२०११ च्या पावसाळ्यात मी दुकानाची व्हॅन चालवत होतो. बाजूच्या काचांना ३५ टक्क्यांची फिल्म होती, मीच मारलेली. संध्याकाळची वेळ, रिपरिप पाऊस, आणि मी डावीकडे गल्लीत वळलो. डावा आरसा बघितला होता. पण बाहेरचा आरसा आपण बाजूच्या काचेतूनच बघतो ना! त्या काळोख्या काचेत मला सायकल दिसली नाही. सायकलवरचे काका पडले, मनगट मोडलं. दवाखान्यात ते एवढंच म्हणाले, "तुमच्या अगदी बाजूलाच तर होतो मी." ते खरंच बाजूला होते. दिवसा त्याच काचेतून मला सगळं लख्ख दिसायचं, म्हणून रात्रीचं कधी मनातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनची फिल्म मी स्वतः काढली. निकाल त्यानंतर जवळपास वर्षाने आला.

काळी फिल्म असलेली गाडी रात्री मागे घेताना बघा. चालक काच खाली करून मान बाहेर काढतो. काचेतून दिसत असतं तर त्याने तसं केलं नसतं.

उन्हाचा त्रास मात्र खरा आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, स्टिअरिंगला हात लावता येत नाही, हे मला वेगळं सांगायला नको. पण काळेपणा आणि गारवा एक नव्हे. उन्हाची जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. स्वस्त काळी फिल्म उजेड अडवते आणि स्वतः तापते. दिसायला साधी पण अवरक्त किरणं अडवणारी काच जास्त कामाची. तशी काच काही गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीतूनच येते आणि तिला कायद्याची काहीच अडचण नाही. गाडी अजून बुक करायची असती तर मी तुम्हाला हाच पर्याय सुचवला असता.

आता हातात असलेल्या गाडीसाठी करण्यासारखं बरंच आहे. सर्वांत जास्त ऊन पुढच्या मोठ्या काचेतून येतं आणि डॅशबोर्ड तापवतं. म्हणून गाडी उभी केल्यावर आतून चंदेरी सनशेड लावा आणि निघताना काढून ठेवा. दुपारभर गाडी उभी राहणार असेल तर तिचं तोंड पश्चिमेला ठेवू नका. निघताना चारही काचा खाली करून दोनेक मिनिटं गाडी चालवा, कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मग काचा वर करून एसी लावा आणि थोड्या वेळाने रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवणारं बटण, चालू करा. एवढ्यानेच गाडी पुष्कळ लवकर गार होते. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते, त्यामुळे तिथून अतिनील किरणं जवळजवळ येत नाहीत. बाजूच्या काचेतून थोडी येतात, म्हणूनच आपल्याकडे चालकाचा उजवा हात काळवंडतो. त्याला सुती बाह्या घाला.

आणि शोरूममधून गाडी घेतली असेल तर ॲक्सेसरीजचं बिल एकदा बघा, पॅकेजमध्ये फिल्म आधीच घातलेली असू शकते. मारून झाली असेल तर घरी ओरबाडून काढू नका. विशेषतः मागच्या काचेची, कारण तिच्या आतल्या बाजूला डिफॉगरच्या बारीक तारा असतात. फिल्म जोरात ओढली तर गोंदाबरोबर त्याही निघतात आणि मग पावसाळ्यात त्या काचेवरचं धुकं जात नाही. दुकानात हीट गनने काच कोमट करून, एका कोपऱ्यापासून हळूहळू सोलून घ्या. चांगला कारागीर असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.