स्कॉटलंडमधलं आर्ब्रोथ कुठे आहे? त्याचा इतिहास काय?

आर्ब्रोथ पूर्व किनाऱ्यावर, डंडीच्या ईशान्येला, उत्तर समुद्राला लागून आहे. गावाबाहेर तांबड्या वालुकाश्माचे कडे आहेत. राजा पहिला विल्यम याने 1178 मध्ये इथे मठ स्थापला. स्कॉटलंड स्वतंत्र आहे हे पोपला ठणकावून सांगणारं 1320 चं पत्र याच मठातून गेलं.

पण मला जास्त मोलाचा वाटतो तो समोरचा बेल रॉक दीपस्तंभ. किनाऱ्यापासून सुमारे 18 किलोमीटरवरचा हा खडक भरतीला पूर्ण बुडतो. ओहोटीच्या मोजक्या तासांत काम करत 1807 ते 1810 दरम्यान त्यावर हा दीपस्तंभ बांधला. आजही उभा आहे!

गेलात तर 'स्मोकी' खाच. हॅडॉक मासे शेपट्या बांधून जोडीजोडीने काठीवर टांगतात आणि लाकडाच्या धुरावर शिजवतात.